तीन पेट्या आणि एक बंद रस्ता

निकाल आधी सांगते, खटला नंतर. मदतनिधीसाठी भरलेल्या रस्त्यावरच्या संगीत महोत्सवात मी दिवसभर स्वयंसेवक होते आणि त्याच दिवशी दोनदा वाजवलंही. स्वयंसेवकांची सोय कशी होती, तर पाचपैकी चार. वादकांची, पाचपैकी तीन. हिशोबाला वेगळे गुण देता आले असते तर अडीच दिले असते, पण ते शेवटी. आयोजकांचं नाव घेत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि ती सगळी मंडळी बिनपगारी राबत होती.

माझ्याबद्दल एवढंच की बँकेत 26 वर्षं झाली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर, आणि त्याहून जास्त वर्षं पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये 'काय आणणार?' या रकान्यात मी 'पेटी' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला, "काकू, पेटी आम्हीच देतो, तुम्ही फक्त ती घेऊन उभं राहायचं." तिला वाटलं मी घरून दानपेटी आणतेय. मी म्हटलं, बाई गं, मी वाजवायची पेटी म्हणत होते, पण तुझीही धरते. माझा स्वयंसेवकपणा असा गैरसमजातून सुरू झाला.

आमचं त्रिकूट होतं. मी, बासरी वाजवणारा कॉलेजातला एक मुलगा आणि काहोनवर त्याचा मित्र. काहोन हे पेरूच्या किनाऱ्यावरचं वाद्य. गुलाम म्हणून तिथे आणलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाच्या लाकडी खोक्यांवर ताल धरला आणि त्यातून ते घडत गेलं. वादक त्याच्यावरच बसतो आणि पुढच्या पातळ फळीवर थापा मारतो. स्पॅनिशमध्ये काहोन म्हणजे खोका किंवा पेटीच. म्हणजे एकूण तीन पेट्या, त्यातल्या दोन वाजणाऱ्या. तिसरीही वाजते, हे मला दुपारी कळलं.

रस्त्यावर संगीत म्हटलं की लोक फ्रान्सच्या 'फेत द ला म्युझिक'चं उदाहरण देतात. 21 जून 1982 ला तो पहिल्यांदा झाला आणि मग देशोदेशी पोचला. त्याच्या नावात श्लेष आहे: उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदललं की 'संगीताचा उत्सव'चं 'संगीत करा' होतं. पण तिथे ऐकणं फुकट आणि वाजवणंही फुकट, मधे पैशाचा विषयच नाही. मी गेले तो 'प्लेइंग फॉर चेंज डे'च्या जातकुळीतला. तो दिवस 2011 पासून होतो. जगभर लोक रस्त्यावर वाजवतात आणि जमलेला पैसा मुलांच्या संगीतशाळांना जातो. त्या संस्थेची पहिली शाळा दक्षिण आफ्रिकेतल्या गुगुलेथूमध्ये निघाली. दोन्ही प्रकारांत गाणं तेच, पण पैसा आला की त्याच्यामागून पेटी येते, सील येतं, पावतीपुस्तक येतं, मोजणी येते. असल्या महोत्सवाची परीक्षा मी त्या बाजूने घेते. स्टेजची सजावट कुणीही करतं.

आदल्या दिवशी स्वयंसेवकांना पाऊण तास शिकवलं, आणि ते खरोखर चांगलं होतं. एका पेटीला दोन माणसं, आणि ती एका घरातली नकोत. पेटीला नंबर असलेलं सील, सील तुटलं तर पेटी उघडून न बघता तशीच आयोजकांच्या टेबलावर आणायची. पेटी खुळखुळवायची नाही. चालणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. मोबाइलवरून पैसे घ्यायचा जो कोड पेटीवर चिकटवलाय, त्यावर कुणी दुसरा कोड चिकटवून तर गेलं नाही ना, हे दर तासाला नखाने कड खरवडून बघायचं. हे शेवटचं ऐकून माझ्यातली कॅशियर खूश झाली. पण तो कोड काडेपेटीएवढा! साधा ठोकताळा असा आहे की जेवढा मोठा कोड, त्याच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. 4 सेंटिमीटरचा कोड म्हणजे माणसाने जेमतेम दोन वितींपर्यंत जवळ यायचं. वर चकचकीत लॅमिनेशन, त्यात ऊन. लोक पेटीसमोर वाकून, फोन तिरका करून, स्वतःची सावली पाडून खटपट करत होते आणि मागचे वाट बघून निघून जात होते. नुसता कोड वहीच्या पानाएवढा छापला असता तरी फरक पडला असता.

सकाळी तीन तास मी पेटी धरली. जोडीदार एक निवृत्त शिक्षक होते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि उभं राहण्यात माझ्यापेक्षा तरबेज. आम्हाला सांगितलेली जागा स्टेजला अगदी लागून होती. पहिल्या तासात पेटीत जवळजवळ काही पडलं नाही. गाणं वाईट नव्हतं, माणसंही थांबत होती. पण रस्त्यावरचे श्रोते स्टेजपासून आठ-दहा पावलं लांब, अर्धवर्तुळात उभे राहतात आणि मधली जागा मोकळी राहते. सगळ्यांच्या देखत ती मोकळी जागा ओलांडून पेटीपर्यंत जायचं म्हणजे जवळपास स्टेजवर जाण्यासारखंच झालं. मी बघत होते: एका बाईंनी पर्स उघडली, दोन पावलं टाकली, आजूबाजूला पाहिलं आणि परत मागे जाऊन पर्स बंद केली.

मास्तर म्हणाले, "आपण तिकडे जाऊ या, जिथून लोक गळतात." गर्दी जिथून पातळ होऊन फुटपाथला मिळते त्या कडेला आम्ही सरकलो. आता निघणारा माणूस आपसूकच आमच्या बाजूने जायचा. मग वेळेची गंमत कळली. टाळ्या संपल्यावर हात खिशात जात नाही, तोवर फोन हातात आलेला असतो. टाळ्या सुरू होतात त्या क्षणी नजरेला नजर मिळायला हवी. दुसऱ्या तासात पेटी हाताला जड लागायला लागली. जागेचा नियम आम्ही मोडला हे खरं. टेबलावरच्या पोरीने ते बघितलं, काही बोलली नाही, आणि दुपारी सगळ्याच पेट्या कडेला हललेल्या दिसल्या. हे चार गुण त्यासाठी.

एका गोष्टीसाठी मात्र कुणी तयार केलं नव्हतं. टोपी घातलेले एक आजोबा अर्धा तास ऐकत होते. जवळ आले आणि म्हणाले, "पैसे कुठे जाणार?" मी म्हटलं, मुलांच्या संगीतशिक्षणाला. "कुठल्या मुलांच्या? वाद्यं घेणार की पगार देणार?" मला ठाऊक नव्हतं. काउंटरवर इतकी वर्षं 'विचारून सांगते' म्हणत आले, तेच म्हटलं. टेबलाला फोन लावला तर तीन माणसांकडे फिरून उत्तर आलं: निम्मे वाद्यांना, निम्मे शिकवणाऱ्यांच्या मानधनाला. आजोबा तोवर उन्हात उभे. उत्तर ऐकलं, चार घड्या घातलेली नोट टाकली आणि म्हणाले, "हे पेटीवर लिहायला काय झालं होतं?" काहीच झालं नव्हतं. एक ओळ होती फक्त.

कानांचंही सांगायला हवं. आमची मूळ जागा स्पीकरपासून दोन हातांवर होती. फोनवरचं आवाज मोजणारं अॅप 94 डेसिबल दाखवत होतं. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 94 ला एक तास. पाळी तीन तासांची. कानातले स्पंजचे बोळे टेबलाखाली खोक्यात होते, मागितल्यावर मिळाले. न मागणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं दिवसभर तशीच उभी होती. पाणी मात्र न मागता मिळत होतं, दर तासाला, हातात आणून. त्यांनी ते बोळेही तसेच वाटायला हवे होते.

आता वाजवण्याचं. आम्हाला संध्याकाळ सांगितली होती म्हणून यमन बसवला होता. आदल्या रात्री निरोप आला की दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अशा दोन पाळ्या. भर बारा वाजता यमन वाजवणं माझ्याच्याने होईना. बासरीवाला म्हणाला, "काकू, रस्त्यावर कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "अरे, मला कळतंय ना!" सकाळी दानपेटीच्या पाळीआधी स्टेजमागे बसून अर्ध्या तासात दुपारचा वृंदावनी सारंग उभा केला. पाच सुरांचा राग, तेवढी तरी कृपा.

उन्हात वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बासरीतली हवा तापली की आत ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. 20 अंशांना हा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर असतो, 30 अंशांना 349. श्वासाची ऊब आत आधीच असल्यामुळे बासरीत फरक थोडा कमी पडतो, पण कानाला बोचण्याइतका उरतोच. उलट पेटीची पितळी पट्टी तापली तर झालाच तर किंचित उतरते. म्हणजे सावलीत पांढरी तीन या सुराला छान जुळलेली आमची जोडी दहा मिनिटांत दोन दिशांना निघाली. पोरगा ओठ वळवून वळवून सूर खाली आणत होता. त्याला तशी वाट तरी आहे. माझी पेटी जिथे आहे तिथेच. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दारं बंद ठेवली होती ती तिच्या याच हट्टीपणामुळे: दोन सुरांच्या मधे तिला जागाच नाही, मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही. त्या बंदीवर मी आयुष्यभर चिडत आले. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, समोरच्याचं म्हणणं ऐकायला हरकत नव्हती. पुढच्या वेळी वाद्यं आधी अर्धा तास बाहेरच ठेवीन आणि मग जुळवीन.

ध्वनिव्यवस्थेचा माणूस गुणी. पेटीला मायक्रोफोन समोरून लावला तर भात्याचा फुसफुसाट जास्त येतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. वाऱ्यासाठी स्पंजची टोपीही स्वतःहून चढवली. पण स्टेजची आखणी ज्याने केली त्याने कधी उघड्यावर वाजवलं नसावं. शेजारचं स्टेज साठेक मीटरवर, त्यावर ड्रम्स आणि दोन इलेक्ट्रिक गिटार. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 15 मीटरवर जो आवाज आहे तो 60 मीटरवर फक्त 12 डेसिबलने कमी. हलक्या बासरीचा आलाप त्यात बुडतोच. जोरकस वाद्यं एका बाजूला आणि नाजूक वाद्यं रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, किंवा निदान पाळ्या आलटून पालटून, एवढंच करायचं होतं. एक गुण इथे गेला.

आलाप चालू असताना तिसरी पेटीही वाजली. टण्ण! पत्र्याच्या, नुकत्याच बदललेल्या रिकाम्या पेटीत नाणं पडलं. सकाळी हाच आवाज मला किती गोड लागत होता! आता निषादावर थांबलेली होते आणि अंगावर काटा आला. मग आणखी एक. मग एका लहान मुलीला खेळच सापडला. वडील एकेक नाणं देत होते आणि ती धावत येऊन टाकत होती. काहोनवाल्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि तिच्या पावलांच्या लयीतच ठेका धरला. आलाप तिथेच संपला. लोकांना ते सगळं आधीपासून ठरलेलं वाटलं आणि त्या पाळीतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. पेटीच्या तळाशी फडक्याचा तुकडा घालून मग सील करा, अशी सूचना मी लिहून दिली आहे. त्या मुलीमुळे ती थोड्या अपराधी मनानेच दिली.

आणि मग माझ्या पेटीचा मध्यम, म्हणजे 'म', बसला. रस्त्यावरची धूळ, एखादा कण पट्टी आणि चौकटीच्या मधे अडकला की सूर बंद. माझी प्रवासाची पेटी एकेरी सुरांची, तेव्हा जोडीचा सूरही नाही जो वेळ मारून नेईल. सारंगात पाच सूर आणि त्यातला एक मुका. जोरात भाता मारून पाहिला, हलला नाही. मग मध्यम येईल तिथे खालच्या सप्तकातला घेत राहिले आणि बासरीवाल्याने न सांगता वरचा मध्यम लांबवायला सुरुवात केली. रियाजात हा मुलगा मला दहादा अडवतो, पण त्या दहा मिनिटांसाठी त्याला सगळं माफ.

दुपारभर माझ्याकडे पावत्यांचं काम होतं. मोठी रक्कम देणाऱ्याला किंवा मागणाऱ्याला छापील नंबरची पावती. काम आवडीचं, सावलीतलं. चार वाजता जरा सवड मिळाली तशी ध्वनिवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर घेतला, तंबूमागे सतरंजीवर पेटी उघडली, सुरांची फळी उचलून उलटी धरली. मध्यमाच्या पट्टीखाली केसाएवढा धागा दिसत होता. पट्टीला बोट लावायचं नसतं, ती बिघडते. पातळ कडक कागद जिभेखालून अलगद सरकवायचा. कागद शोधायला वेळ नव्हता, हाताला आला तो घेतला. एकदा सरकवला, दुसऱ्यांदा सरकवला, धागा निघाला. फुंकर मारली, फळी बसवली, मध्यम दाबला. बोलला! तंबूमागे झोपलेला एक गिटारवाला दचकून उठला.

संध्याकाळी सहाला यमन वाजवला. ऊन उतरलं होतं, शेजारच्या स्टेजवर त्या वेळी नुसती गाणारी दोन माणसं होती, बासरी आणि पेटी एका जागी आल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, चांगलं झालं.

रात्री मोजणी. हे बघायला मी मुद्दाम थांबले, कुणी सांगितलं नव्हतं. सीलचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीत टिक करायची, मग दोघांच्या देखत पेटी उघडायची, मोजणाऱ्या दोघांनी तक्त्यावर सही करायची. पद्धत चोख. सामान मात्र शून्य. नाण्यांना खणांचा ट्रे नाही, पिशव्या नाहीत, सगळं जमिनीवर चादर टाकून. पाच-सहा जण गुडघ्यांवर बसून नाणी वेगळी करत होते. मी चष्मा लावला आणि बसले. नोटा आधी एका तोंडाने लावून घ्या, मग मोजा, हे मी त्या रात्री निदान पंधरा वेळा म्हटलं असेन. मास्तर म्हणाले, "बाई, इथे तुमचा आवाज पेटीपेक्षा जास्त लागतो."

पेट्या जुळल्या. पावतीपुस्तकं जुळेनात. रक्कम बरोबर होती, पण एका पुस्तकात एक पावती कमी. फाडलेली, मागे स्थळप्रतही कोरी, आणि पैसे कुठेच नाहीत. टेबलावरची पोरगी रडकुंडीला आली. चादर झटकली, खुर्च्यांखाली बघितलं, कचऱ्याची पिशवी उलटी केली. वीस मिनिटं आम्ही आठ जण ती पावती शोधत होतो, आणि मीच सगळ्यांना सुनावत होते की नंबराची पावती ही नोटेसारखी सांभाळायची असते.

मग माझं लक्ष पुस्तकाच्या वेष्टनावर गेलं. माझंच अक्षर. दुपारी माझ्याच हातात असलेलं पुस्तक.

पेटीची खोळ उघडली. भात्याच्या घडीत खोचलेली पावती होती, मधोमध दुमडलेली, एका कडेला पितळेचा काळसर डाग. मी काही न बोलता ती टेबलावर ठेवली, आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, सही केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली.

हिशोब पंधरा दिवसांत कळवू म्हणाले होते, एकोणिसाव्या दिवशी आला. जमा रक्कम नीट दिली आहे. खर्च मात्र एकाच ठोक आकड्यात: स्टेज, ध्वनी, छपाई सगळं एकत्र. त्या टोपीवाल्या आजोबांनी विचारलं तर मी पुन्हा 'विचारून सांगते' म्हणणार. अडीच गुण यासाठीच. मी पत्र पाठवलं आहे, उत्तर अजून नाही. बाकी तक्ता बारकाईने केलाय, ते मान्य करायला हवं. अगदी तळाला छोट्या अक्षरांत आहे, 'रद्द पावत्या : 1 (मध्यमासाठी)'.